बॅटमॅनला रॉबिन कशाला लागतो?

पिवळी केप

साइडकिक (नायकाचा दुय्यम साथीदार) म्हणजे लहान मुलांना अंक घ्यायला लावायची युक्ती, हे मत बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. ते अर्धं खरं आहे. १९४० साली बॅटमॅनचा पोरवयाचा साथीदार रॉबिन आणला तेव्हा हेतू तोच होता. पण त्या पोराने पुढे मूळ नायकाचं काय काय बदललं, ते अंक समोर ठेवून पाहायला हवं. माझं म्हणणं असं, की आजचा बॅटमॅन गोथम शहरामुळे किंवा जोकर या खलनायकामुळे जितका घडला त्याहून जास्त रॉबिनमुळे घडला. कधी त्याच्या येण्याने, कधी जाण्याने, एकदा तर मरण्याने.

सुरुवातीचा क्रम देतो. तारखा मुखपृष्ठावर छापलेल्या महिन्यांच्या आहेत. अंक प्रत्यक्षात त्याआधी स्टॉलवर येत.

बॅटमॅन पहिल्यांदा दिसला डिटेक्टिव्ह कॉमिक्सच्या २७व्या अंकात, मे १९३९ ला. अवघी सहा पानांची गोष्ट. बॉब केन आणि बिल फिंगर यांचा हा बॅटमॅन त्या वेळच्या स्वस्त गुन्हेकथांच्या मासिकांतून आलेला आहे. त्याच्या ठोशाने गुन्हेगार आम्लाच्या हौदात पडतो आणि हा म्हणतो, असल्यांचा शेवट असाच व्हायचा. आईवडिलांच्या खुनाची हकिकत आली नोव्हेंबरच्या ३३व्या अंकात, तीही दोनच पानांत. म्हणजे पहिले सहा महिने या माणसाला भूतकाळच नव्हता. त्यानंतर पाच महिन्यांनी, एप्रिल १९४० च्या ३८व्या अंकात, रॉबिन आला.

हा रॉबिन म्हणजे डिक ग्रेसन, सर्कशीत उंच झोपाळ्यावर कसरती करणाऱ्या जोडप्याचा मुलगा. सर्कस खंडणी देत नाही म्हणून झुको नावाचा गुंड दोरांवर आम्ल टाकायला लावतो, आणि पोराच्या डोळ्यांदेखत आईवडील खाली पडून मरतात. ब्रूस वेनवर, म्हणजे मुखवट्यामागच्या बॅटमॅनवर, जे गुदरलं तेच डिकवर गुदरलं, पण डिकच्या शेजारी लगेच एक मोठा माणूस येऊन उभा राहिला. ब्रूसच्या शेजारी कोणी नव्हतं. त्याचा नोकर आल्फ्रेडसुद्धा कथेत आला १९४३ साली, रॉबिननंतर तीन वर्षांनी. मेणबत्तीच्या उजेडात ब्रूस त्या मुलाकडून शपथ घेतो, तिथे सूड घेत फिरणारा माणूस पालक होतो. पुढची ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं याच एका चौकटीतून निघाली आहेत असं मला वाटतं.

---

शाईकाम

धागा आवडला. चित्रकथा प्रत्यक्ष कागदावर कशी उभी राहते त्या बाजूने भर घालतो, कारण रॉबिनचं निम्मं काम तिथे आहे.

फिंगर यांनी स्वतः सांगून ठेवलंय की त्यांची अडचण संवादाची होती. होम्सला वॉटसन होता, बॅटमॅनला बोलायला माणूसच नव्हतं. ही अडचण किती खरी आहे ते कळायला एकट्या नायकाचं सहा चौकटींचं एक पान लिहून पाहा. त्याच्या मनातलं दाखवायचे मार्ग तीन: वरची निवेदनाची पट्टी, विचारांचा ढगासारखा फुगा, किंवा स्वतःशी मोठ्याने बोलणं. तिन्हींत नायक थबकतो. त्यात चौकटीमागे साधारण ३५ शब्द आणि पानामागे २०० ते २१० शब्द हा जुना अंदाज आहे. त्यापुढे गेलात की फुगे चित्र झाकायला लागतात. गुप्तहेरकथेत तर्क उलगडून सांगावा लागतो, आणि एकटा नायक असेल तर या शब्दांतला मोठा हिस्सा त्यातच संपतो. शेजारी कोणी असलं की "हा चिखल नदीकाठचा कशावरून?" एवढा प्रश्न पुरतो, आणि उत्तर धावता धावता देता येतं.

मांडणीचाही एक नियम लागू होतो. आधी बोलणारा डावीकडे, उत्तर देणारा उजवीकडे, नाहीतर फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना छेदतात. म्हणून प्रश्न विचारणारा रॉबिन असेल तर चित्रकार त्याला सहसा डावीकडे काढतो, आणि डोळा आपोआप उजवीकडच्या मोठ्या आकृतीवर जाऊन थांबतो. नायकाची उंची अशी मोजता येते. रिकाम्या छपरावर एकटा उभा असलेला माणूस सहा फुटी आहे की साडेपाच फुटी, हे सांगायला मोजपट्टी नसते. पोरगं शेजारी आलं की ती मिळते.

तिसरी गोष्ट रंगाची. तेव्हा अंक स्वस्त वृत्तपत्री कागदावर चार शायांत छापले जात: निळी, किरमिजी, पिवळी, काळी. करडा-निळा बॅटमॅन निळ्या-काळ्या रात्रीत बुडून जाई. लाल बंडी, हिरवी चड्डी आणि पिवळी केप घातलेला मुलगा आला आणि प्रत्येक पानाला डोळा टेकवायला एक जागा मिळाली. हा पोशाख आणि नाव यात चित्रकार जेरी रॉबिन्सन यांचा मोठा वाटा आहे. नाव रॉबिन हूडवरून घेतलेलं. एन. सी. वायथ यांनी रंगवलेली रॉबिन हूडची चित्रं त्यांच्या डोळ्यांसमोर होती.

इथेच पुढच्या घोटाळ्याचं बीही आहे. चित्र सपाट आणि गोष्ट परीकथेसारखी असते तोवर पिवळी केप खपते. चित्रण वास्तवाकडे सरकलं की वाचक विचारतो, गोळीबारात या मुलाला एवढ्या भडक कपड्यांत कोण पाठवतं? १९९० साली नंतरच्या एका रॉबिनचा, टिम ड्रेकचा, पोशाख नील ॲडम्स यांनी केला तो या प्रश्नाचं उत्तर म्हणून पाहावा. पाय झाकणारी पूर्ण विजार, आणि केप बाहेरून काळी, आतून पिवळी. लपायचं असेल तर मिटायची, दिसायचं असेल तर उघडायची. जुना रंगही राहिला आणि तर्कही सांभाळला गेला.

---

टिपणवही

दोन्ही प्रतिसाद उत्तम. एक गैरसमज मात्र आधीच दूर करू या, कारण तो या विषयावरच्या प्रत्येक चर्चेत येतो: "रॉबिन आला म्हणून बॅटमॅनने माणसं मारणं सोडलं."

क्रम असा नाही. बॅटमॅनच्या स्वतंत्र मालिकेचा पहिला अंक १९४० च्या वसंतातला, म्हणजे रॉबिन आल्यानंतरचा. त्यात जोकर आणि कॅटवूमन पहिल्यांदा येतात. त्याच अंकात ह्यूगो स्ट्रेंज या खलनायकाच्या राक्षसी माणसांची गोष्ट आहे, जिच्यात बॅटमॅन विमानातून मशिनगन चालवतो. त्या गोष्टीत रॉबिन नाही. या प्रकारावर संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी बंधन घातलं: यापुढे बॅटमॅन बंदूक वापरणार नाही, जीव घेणार नाही. म्हणजे निर्णय संपादकाचा होता.

रॉबिनने केलं ते वेगळं, आणि माझ्या मते जास्त टिकाऊ. बाहेरून आलेल्या नियमाला त्याने कथेच्या आतलं कारण दिलं. ज्या मुलाकडून शपथ घेतली त्याच्यासमोर खून करता येत नाही. नियम कार्यालयातून आला आणि पात्राचा स्वभाव होऊन बसला. हे सगळ्याच साइडकिकांबाबत तपासून पाहण्यासारखं आहे.

---

पिवळी केप

टिपणवही, दुरुस्ती पूर्ण मान्य.

---

वेताळटेकडी

आपल्याकडच्या वाचकांना आठवत असेल, इंद्रजाल कॉमिक्स १९६४ पासून मराठीतही निघत होती. वेताळ आणि जादूगार मँड्रेक तिथूनच घराघरांत गेले. दोघेही ली फॉक यांचे. या दोन मालिका शेजारी ठेवल्या तर या विषयाची दोन टोकं दिसतात.

मँड्रेक १९३४ चा आणि लोथार त्याच्या सोबत अगदी सुरुवातीपासून. लोथार प्रौढ आहे, आफ्रिकेतल्या राजघराण्यातला आहे, जगातला सर्वात बलवान माणूस आहे, आणि तरीही सुरुवातीच्या पट्ट्यांत तो बिबट्याचं कातडं पांघरून मोडकंतोडकं बोलतो. त्या काळातल्या अमेरिकी चित्रकथेत प्रौढ साइडकिक गोरा नसला की त्याच्या वाट्याला हेच येई. विल आयस्नर यांच्या स्पिरिटचा एबनी व्हाइट पाहा, किंवा ब्लॅकहॉकमधला चॉप-चॉप. शाईकाम यांनी सांगितलेली मोजपट्टीच इथे वापरलीय, फक्त उंचीऐवजी बुद्धी आणि भाषा मोजायला. शेजारच्याला खुजं करून नायक मोठा दिसतो खरा, पण तो वाढत नाही. मँड्रेकच्या चित्रांची जबाबदारी १९६५ मध्ये फ्रेड फ्रेडरिक्स यांच्याकडे आली. त्यांच्या हाताखाली लोथारचे कपडे, बोलणं, वागणं बदललं, आणि मगच त्या दोघांच्या मैत्रीत बरोबरी आली.

वेताळाला साइडकिकची तशी गरज नाही, कारण तिथे वारसा रक्तातून चालतो. आपण वाचतो तो एकविसावा. बाप मरतो, मुलगा कवटीसमोर शपथ घेतो. सुपरहिरोंच्या कथेत नायकाला सहसा मूल नसतं, म्हणून वारशाची ती जागा साइडकिककडे जाते.

मराठीत साइडकिकला नेमका शब्द कोणता म्हणावा? जोडीदार म्हटलं तर बरोबरी येते, चेला म्हटलं तर हलकेपणा येतो. मला पट्टशिष्य जवळचा वाटतो, कारण त्यात गादी पुढे त्याला मिळणार हे धरलेलं असतं.

---

अंकगणित

पट्टशिष्य चांगला आहे, पण गादी मिळायला गुरू बाजूला व्हावा लागतो आणि मासिक चालू असेपर्यंत तो होत नाही. सगळी गाठ इथेच बसते.

आकड्यांत बघा. बॅटमॅन कायम तिशी-पस्तिशीतला हवा. डिक १९४० मध्ये लहान मुलगा, डिसेंबर १९६९ च्या बॅटमॅन २१७ मध्ये हडसन विद्यापीठात जातो, १९८४ मध्ये नाइटविंग नावाचा स्वतंत्र नायक होतो. म्हणजे शिष्य चव्वेचाळीस वर्षांत दहाएक वर्षांनी वाढला, गुरू जवळपास शून्याने. असं दोन-तीन शिष्यांपर्यंत रेटता येतं. २०११ साली डीसी या बॅटमॅनच्या प्रकाशन कंपनीने सगळं नव्याने सुरू केलं तेव्हा नायकांच्या कारकिर्दीला फक्त पाच वर्षं झाली असं ठरवलं, आणि त्याच वेळी डिक, जेसन, टिम, डेमियन हे चारही रॉबिन ठेवले. पाचाला चाराने भागलं की प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम सव्वा वर्ष येतं. त्यातच प्रशिक्षण, भांडण, एकाचा मृत्यू आणि शोक. त्यातून बॅटमॅन पालक न दिसता उमेदवार भरती करणारा दिसायला लागला. काळ दाबला की नायकाची माया खोटी वाटते, आणि हे शाईने झाकता येत नाही.

---

शाईकाम

२१७व्या अंकाचा उल्लेख झाला म्हणून थांबून सांगतो, कारण तो फार कमी वाचला जातो. फ्रँक रॉबिन्स यांची कथा. डिक वसतिगृहात जातो आणि त्याच अंकात ब्रूस हवेली बंद करून शहरात वेन फाउंडेशनच्या इमारतीच्या माथ्यावर राहायला जातो. पुढच्याच महिन्यात डिटेक्टिव्ह ३९५ मध्ये डेनी ओ'नील आणि नील ॲडम्स यांची पहिली कथा येते, आणि १९६६ च्या दूरदर्शन मालिकेचा हसरा, दिवसाउजेडी बॅटमॅन मागे पडतो. 'अंधाराकडे परतलेला बॅटमॅन' म्हणून ज्याचं कौतुक होतं त्याची पहिली पायरी म्हणजे एका मुलाने सामान बांधून घर सोडणं.

---

टिपणवही

मधला टप्पाही महत्त्वाचा. १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थम यांच्या पुस्तकाने बॅटमॅन-रॉबिनच्या नात्यावर संशय घेतला आणि त्याच वर्षी कॉमिक्स कोड ही प्रकाशकांची आचारसंहिता आली. त्यानंतर १९५५ मध्ये एस हा कुत्रा, १९५६ मध्ये बॅटवूमन, १९६१ मध्ये बॅट-गर्ल अशी कुटुंबातली माणसं वाढत गेली. माणसं वाढली, पण प्रत्येकाला काम मिळालं नाही. १९६४ मध्ये ज्युलियस श्वार्ट्झ संपादक झाले आणि ही मंडळी कथेतून गेली. बॅटमॅनच्या स्वभावावर त्यांची एक रेघही उरली नाही. नायकात काही बदलत नसेल तर साइडकिक वाचकाच्याही लक्षात राहत नाही, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

---

निळं पेन

दुसऱ्या रॉबिनबद्दल, जेसन टॉडबद्दल, कोणीतरी नीट लिहा. वाचकांनी फोन करून मारलं एवढंच सगळीकडे लिहिलेलं असतं.

---

अंकगणित

आकडे देतो. १९८८, बॅटमॅन ४२६ ते ४२९. लेखक जिम स्टारलिन, चित्रं जिम ॲपॅरो, संपादक डेनी ओ'नील. ४२७ मध्ये जोकर जेसनला पहारीने मारतो आणि गोदामात स्फोट होतो. अंकाच्या मागच्या पानावर दोन फोन नंबर होते, एक जगवायला, एक मारायला. फोनमागे ५० सेंट, मुदत ३६ तास. मारा म्हणणारे ५,३४३, जगवा म्हणणारे ५,२७१. एकूण १०,६१४, फरक ७२. म्हणजे ३७ जणांनी दुसरा नंबर फिरवला असता तर जेसन वाचला असता. ४२८व्या अंकाच्या दोन्ही आवृत्त्यांची तयारी होती. वाचलेल्या जेसनची आवृत्ती डीसीने २०२३ मध्ये छापली.

"वाचकांना रॉबिन नको होता" असं या निकालावरून म्हणता येत नाही. ५०.३ टक्के हा कौल नव्हे. शिवाय एका माणसाला कितीही वेळा फोन करता येत होता.

---

पिवळी केप

जेसन का नकोसा झाला हे समजून घ्यायला त्याच्या दोन जन्मकथा पाहाव्या लागतात.

पहिली १९८३ ची. तोही सर्कशीतला, त्याचेही आईवडील कसरतपटू, तेही मारले जातात. फक्त मारणारा किलर क्रॉक हा खलनायक. डिकची सरळ नक्कल. नक्कल असल्यामुळे बॅटमॅनला त्याच्याशी वागताना नवीन काही करावंच लागत नाही. १९८७ मध्ये बॅटमॅन ४०८ पासून मॅक्स ॲलन कॉलिन्स यांनी दुसरी जन्मकथा लिहिली. रस्त्यावर वाढलेला पोरगा, जिथे ब्रूसचे आईवडील मेले त्याच गल्लीत बॅटमोबाइलची चाकं चोरताना सापडतो. कल्पना पहिलीपेक्षा कितीतरी चांगली. आणि याच ४०८व्या अंकात डिकचं जाणंही बदललं. आधी तो राजीखुशीने मोठा होऊन गेला होता. आता जोकरची गोळी लागल्यावर बॅटमॅन त्याला रॉबिनपणातून काढून टाकतो. म्हणजे नवा मुलगा यायच्या आधीच बाप कठोर करून ठेवला.

चूक पुढे झाली. जेसनचा राग दाखवला, पण त्या रागाला बॅटमॅनने काय उत्तर दिलं ते लिहिलं नाही. ४२४व्या अंकात एक बलात्कारी उंचावरून पडून मरतो. जेसनने ढकललं की तो पडला, हे उघड केलेलं नाही. बॅटमॅन विचारतो, जेसन उत्तर देतो, आणि विषय तिथे संपतो. गुरू-शिष्यांत खरं भांडण व्हायला हवं होतं तो हा क्षण. तो टाळला गेल्यामुळे जेसन नुसता त्रासदायक राहिला आणि बॅटमॅन नुसता मख्ख.

१९८६ च्या डार्क नाइट रिटर्न्समध्ये, म्हणजे फोनच्या दोन वर्षं आधी, फ्रँक मिलर यांनी जेसन मेलेला आहे आणि त्याचा पोशाख गुहेत काचेच्या पेटीत आहे असं दाखवून ठेवलं होतं. नंतर ती पेटी मुख्य मालिकेतही आली. तेव्हापासून ती चौकटीच्या कडेला असली की संवादाशिवाय बॅटमॅनचा अपराधभाव दिसतो. चित्रकथेतली इतकी काटकसरीची युक्ती विरळा.

---

वेताळटेकडी

मार्व्हल या दुसऱ्या प्रकाशन कंपनीने हेच चोवीस वर्षं आधी केलं होतं. बकी हा १९४१ पासून कॅप्टन अमेरिकाचा साथीदार. १९६४ मध्ये ॲव्हेंजर्स ४ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी कॅप्टनला बर्फातून बाहेर काढलं आणि बकी युद्धाच्या शेवटी स्फोटक भरलेल्या विमानावर मेला असं सांगितलं. ली यांना पोरवयाचे साइडकिक आवडत नसत. १९६२ मध्ये त्यांनी आणि स्टीव्ह डिट्को यांनी शाळकरी मुलालाच नायक केलं होतं, तो स्पायडर-मॅन. पण बकीच्या मृत्यूने कॅप्टनला जे दिलं ते मोठं होतं. त्याआधी तो झेंडा अंगावर घेतलेला सैनिक होता, त्यानंतर काळाच्या मागे राहिलेला, मित्राचा जीव मनावर घेऊन जगणारा माणूस झाला.

गंमत म्हणजे दोघेही २००५ मध्येच परतले. एड ब्रुबेकर यांनी बकीला विंटर सोल्जर म्हणून आणलं, जड विनिक यांनी जेसनला रेड हूड म्हणून. मेलेला साइडकिक परत आणण्यात धोका एकच असतो: नायकाचा शोक वाया जातो. दोन्ही वेळी लेखकांनी तो वाया जाऊ दिला नाही, कारण परत आलेला माणूस नायकाला बोचणारा प्रश्न घेऊन आला. जेसनचा प्रश्न असा, की तू मला वाचवू शकला नाहीस हे मी समजतो, पण जोकर अजून जिवंत कसा? टिपणवही यांनी वर सांगितलेल्या १९४० च्या संपादकीय नियमाबद्दल इथे पासष्ट वर्षांनी रॉबिनच बॅटमॅनला विचारतोय.

---

निळं पेन

मग टिम ड्रेक? तो तर आईवडील मेल्यामुळे आला नाही.

---

शाईकाम

म्हणूनच त्याची रचना मला सगळ्यांत कसलेली वाटते. जेसननंतर नवा रॉबिन आणणं अवघड होतं. एक मुलगा मेल्यावर दुसरा मुलगा आणणारा माणूस वाचकाला क्रूर वाटला असता. मार्व्ह वुल्फमन यांनी १९८९ मध्ये दिशा उलटी केली: बॅटमॅनने मुलगा शोधला नाही, मुलाने बॅटमॅनला शोधलं.

पायऱ्या पाहा. बॅटमॅन ४३६ मध्ये टिम लहानपणी त्याच सर्कशीत प्रेक्षकांत होता हे येतं. डिकला येणारी चौपट कोलांटी रॉबिनलाही येते हे तो पुढे टीव्हीवर पाहतो आणि दोघं एकच हे ओळखतो. मग ४४० ते ४४२ आणि न्यू टायटन्स या दुसऱ्या मालिकेचे ६० व ६१ अशा पाच अंकांत तो दाखवून देतो की जेसन गेल्यापासून बॅटमॅन बेफिकीर झालाय, जखमा अंगावर घेतोय, गुन्हेगारांना गरजेपेक्षा जास्त मारतोय. तो आधी डिकला म्हणतो, तू परत रॉबिन हो. डिक नकार देतो, तेव्हा नाइलाजाने स्वतः उभा राहतो. त्याचं म्हणणं एका ओळीचं: बॅटमॅनला रॉबिन लागतो. या धाग्याचं शीर्षक हा त्याचाच प्रश्न आहे.

त्यानंतर घाई केली नाही हे विशेष. पोशाख मिळतो ४५७व्या अंकात, डिसेंबर १९९० ला. आधी वर्षभर नुसतं प्रशिक्षण. जेसनच्या बाबतीत जे वगळलं ते इथे भरून काढलं. १९९१ ची पाच अंकी मालिका, मग १९९३ ते २००९ अशी १८३ अंकांची स्वतंत्र मालिका. त्यातल्या मोठ्या काळात टिमचे वडील जिवंत आहेत, म्हणजे रात्री घरी परतायची वेळ, खोटं बोलणं, शाळा. बॅटमॅनला पहिल्यांदाच दुसऱ्या बापाच्या मुलाची जबाबदारी घ्यावी लागली. अनाथ मुलाला वाढवणं आणि कोणाचं तरी मूल रोज रात्री सुखरूप परत पोचवणं, यांत फार अंतर आहे. या काळातला बॅटमॅन जास्त मोजूनमापून वागतो तो त्यामुळे.

---

चौथी पायरी

मुलींचा उल्लेख अजून आला नाही म्हणून लिहिते.

नवी बॅटगर्ल बार्बरा गॉर्डन १९६७ च्या डिटेक्टिव्ह ३५९ मध्ये आली ती कोणाची शिष्य म्हणून नाही. तिने पोशाख स्वतः केला, परवानगी मागितली नाही. १९८८ मध्ये जोकरच्या गोळीने ती व्हीलचेअरवर आली, आणि त्या कथेत तिची जखम केवळ पुरुषांच्या दुःखासाठी वापरली गेली. किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर यांना ते खटकलं. त्यांनी १९८९ च्या सुइसाइड स्क्वॉड २३ मध्ये तिला ऑरॅकल केलं: माहिती गोळा करणारी, सगळ्यांना दिशा देणारी. पुढे बॅटमॅनच तिच्यावर अवलंबून राहायला लागला. साइडकिकचं नातं पूर्ण उलटं झाल्याचं हे सर्वांत ठळक उदाहरण, आणि त्यासाठी बॅटमॅनला 'मला माहीत नाही, तू सांग' म्हणायला शिकावं लागलं.

स्टेफनी ब्राउनचं उदाहरण वाईट अर्थाने उपयोगी आहे. २००४ मध्ये ती रॉबिन झाली, दोनच अंकांत काढली गेली, काही महिन्यांत तिचा छळ करून मृत्यू दाखवला. गुहेत जेसनची पेटी आहे, स्टेफनीची नाही, हे वाचकांनी लगेच पकडलं आणि वर्षानुवर्षं विचारत राहिले. मृत्यू दाखवला पण नायकात बदल दाखवला नाही, की वाचकाला ती फसवणूक वाटते. २००८ मध्ये ती जिवंत असल्याचं सांगून सारवासारव करावी लागली.

---

टिपणवही

गादी मिळालेल्या पट्टशिष्याचं उदाहरण बॅटमॅनमध्ये शोधू नका, फ्लॅश या वेगाने धावणाऱ्या नायकाच्या मालिकेत आहे. पहिल्यापासूनचा नव्हे पण तेव्हाचा फ्लॅश बॅरी ॲलन १९८५-८६ च्या 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' या कथेत मेला आणि त्याचा साइडकिक किड फ्लॅश, म्हणजे वॉली वेस्ट, फ्लॅश झाला. १९८७ च्या पहिल्या अंकापासून लेखकाने त्याचा वेग मुद्दाम घटवला, आवाजाच्या वेगाच्या आसपास. धावलं की प्रचंड भूक लागते. गुरूइतका वेगवान शिष्य दिला असता तर मुखवट्याखालचा चेहरा फक्त बदलला असता. सहा वर्षांनी, १९९३ मध्ये ७४ ते ७९ या अंकांत मार्क वेड यांनी कारण सांगितलं: वेग शरीराने अडवलेला नाही. आपण गुरूइतके झालो तर गुरू खरोखर गेला, ही भीती त्याला अडवते. भीती गेली तसा वेग आला. पुढे २००८-०९ मध्ये बॅरीला परत आणल्यावर वॉलीला जागाच उरली नाही, हेही वाचून पाहा.

---

निळं पेन

नव्याने वाचायचं तर कुठून सुरू करू? रॉबिनच्याच वाटेने.

---

पिवळी केप

सगळे अंक शोधायची गरज नाही. डिटेक्टिव्ह ३८ ची एक गोष्ट. मग बॅटमॅन २१७. मग ४०८ ते ४११, लगेच ४२४, आणि ४२६ ते ४२९. ४४० ते ४४२ वाचताना न्यू टायटन्स ६० आणि ६१ मध्ये घालायचे: ४४०, ६०, ४४१, ६१, ४४२ या क्रमाने, नाहीतर डिक अचानक उगवतो. त्यानंतर २००५-०६ चे ६३५ ते ६४१ आणि ६४५ ते ६५०. इथपर्यंत तीसेक अंक होतात. एका अंकात कथेची २०-२२ पानं धरली तर रोज एक वाचून महिन्याभरात संपतात.

पुढे डेमियन. २००६ च्या ६५५व्या अंकात ग्रँट मॉरिसन यांनी बॅटमॅनला दहा वर्षांचा सख्खा मुलगा दिला, मारेकऱ्यांनी वाढवलेला. २००९ च्या बॅटमॅन अँड रॉबिनमध्ये ब्रूस नाही, डिक बॅटमॅन आहे आणि डेमियन रॉबिन. इथे हसरा बॅटमॅन आहे आणि कठोर रॉबिन, १९४० ची जोडी पूर्ण उलटी. हे आधी वाचा, म्हणजे ब्रूस परत आल्यावर डेमियनला बाप आणि गुरू यांतला फरक का कळतो ते समजेल.

---

शाईकाम

त्या यादीत एक अंक घाला. २०१३ मध्ये डेमियन मारला जातो, आणि त्यानंतरचा बॅटमॅन अँड रॉबिन १८ पीटर टोमासी आणि पॅट्रिक ग्लीसन यांनी जवळजवळ निःशब्द केलाय. फुगे नाहीत, निवेदनाच्या पट्ट्या नाहीत. वाचायला मिळते ती डेमियनने बापासाठी लिहून ठेवलेली चिठ्ठी. चौकटी पाहताना लक्ष द्या, बॅटमॅन एका बाजूला आहे आणि दुसरी बाजू रिकामी सोडलेली आहे. ती जागा रॉबिनच्या मापाची आहे.

१९४० मध्ये फिंगर यांनी रॉबिन आणला तो बॅटमॅनला बोलायला कोणीतरी हवं म्हणून. या अंकात बोलायला कोणी नाही, आणि बॅटमॅन बोलत नाही.